सासूबाईंच्या खोलीत कुठला टीव्ही लावू?

"नमस्कार दादा, आम्ही धायरीला राहतो, टू बीएचके. सासूबाई (वय ७४) गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गावाहून कायमच्या आमच्याकडे आल्यात. हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही आणि डीटीएच आहे, पण संध्याकाळी मुलाचं क्रिकेट, ह्यांच्या बातम्या आणि सासूबाईंच्या मालिका यावरून रोज वाद. म्हणून आतल्या खोलीत त्यांच्यासाठी छोटा स्मार्ट टीव्ही घ्यायचाय. खोली १० बाय ११. बजेट १२ हजार, फार तर हजारभर वर. हे म्हणतात घेतोच आहोत तर ४३ चाच फोर-के घेऊ, मुलगा म्हणतो फुल एचडीच्या खाली बघूच नकोस, दुकानदार म्हणाला २४ इंच पण बास होईल आणि जीएसटी कमी झालाय तर आत्ताच उचला. गावचा जुना टीव्ही नणंदेला देऊन टाकला. रिव्ह्यू वाचून वाचून डोकं फिरलंय. नक्की काय बघून घेऊ?
एक वाचक, धायरी"

ताई, पत्र वाचलं आणि हसू आलं, रागावू नका. म्हणजे बघा ना, यात तुमच्या मिस्टरांचं मत आहे, मुलाचं आहे, दुकानदाराचं पण आहे, फक्त जिच्यासाठी टीव्ही घ्यायचाय त्या बाईचं एक अक्षर नाही. तेव्हा दुकानात जायच्या आधी त्यांच्याजवळ पाच मिनिटं बसा आणि विचारा की आई, तुम्ही गावाला काय काय बघायचात, किती नंबरचा चॅनल लावायचात, बसून बघता का आडवं पडून, आणि रात्री किती वाजेपर्यंत. ही उत्तरं मिळाली की तुमचा अर्धा टीव्ही तिथेच ठरला. आतल्या खोलीतला टीव्ही म्हणजे हॉलच्या टीव्हीची छोटी आवृत्ती नसते हो, तो एका माणसाचा असतो, आणि त्या माणसाला तो कुणाला हाक न मारता लावता आला पाहिजे एवढीच खरी अट आहे.

हे मी शहाणपणा म्हणून नाही सांगत, ठेच खाऊन सांगतोय. चार वर्षांपूर्वी आईला कराडला टीव्ही घेऊन दिला, मी इथे पुण्यात बसून ऑनलाइन, सगळ्यात स्वस्त, रेटिंग चार पॉइंट काहीतरी, खोक्यावर स्मार्ट लिहिलेलं. आला तेव्हा कळलं की आत मोबाइलचंच अँड्रॉइड टीव्हीवर चिकटवलंय, रिमोटने स्क्रीनवर एक बाण फिरवायचा आणि तो बाण नेमका चित्रावर नेऊन ओके दाबायचं. माझ्या आईला! तिने दोन दिवस प्रयत्न केला आणि मग टीव्हीवर क्रोशाचं झाकण घातलं, आणि वर मला म्हणते छान आहे हो टीव्ही, उगाच खर्च केलास. चौदाव्या महिन्यात बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, गेला. आवाज येतोय, पडदा काळा. वॉरंटी बाराव्या महिन्यात संपलेली, कंपनीचं सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात नाही, शेवटी गल्लीतल्या मेकॅनिकने आतल्या एलईडीच्या पट्ट्या बदलून दिल्या.

आता साइज. शब्दांपेक्षा प्रयोग करा. घरातला पेपर घ्या, मोठ्या आकाराचा नेहमीचा, आणि पूर्ण उघडा, दोन पानं शेजारी शेजारी. ती रुंदी जवळजवळ ३२ इंची टीव्हीएवढीच असते, टीव्ही साधारण ७२ सेंटीमीटर रुंद आणि ४३ उंच असतो, तेव्हा पेपर खालून थोडा दुमडा आणि सेलोटेपने भिंतीवर चिकटवा. मग सासूबाईंच्या उशीजवळ बसून बघा. १० बाय ११ च्या खोलीत बेड एका भिंतीला आणि टीव्ही समोरच्या भिंतीला म्हटलं तर डोळा ते पडदा सात-आठ फूट अंतर येतं, आणि तेवढ्या अंतराला ३२ इंच छान बसतो. २४ इंच कम्प्युटरच्या मॉनिटरएवढा दिसतो, ३२ चा पडदा त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट भरतो, आणि किमतीत मात्र फरक फार तर दोन-तीन हजारांचा, मॉडेलंही २४ मध्ये मोजकीच. २४ घ्यायचा तो स्वयंपाकघरात ओट्याशेजारी, जिथे तीन फुटांवरून बघायचंय. ४३ ची रुंदी जवळपास ९६ सेंटीमीटर, भिंतीवर मावेल पण मग कपाटाचं दार उघडताना काय होतं ते बघा, आणि तुमच्या बजेटमध्ये चांगला ४३ बसत नाही, हे मिस्टरांना माझं नाव सांगून सांगा.

फोर-केचं म्हणाल तर सासूबाई बघणार मराठी मालिका, बऱ्याचदा साध्या एसडी, म्हणजे एचडीपेक्षा कमी ठिपक्यांच्या, चॅनलवर. तेच एसडी चित्र ४३ इंची फोर-के पडद्यावर ताणलं की चेहरे मेणाचे दिसतात, ३२ वर तेच बरं दिसतं. मुलाचा फुल एचडीचा मुद्दा मात्र वाईट नाही, त्याने वाचून सांगितलंय, पण हिशोब करू या. एचडी रेडी म्हणजे आडवे १३६६ ठिपके, पडदा ७१ सेंटीमीटर रुंद, म्हणजे एक ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर. सहा फुटांवरून चांगल्या तरुण डोळ्याला एवढा ठिपका जेमतेम वेगळा ओळखू येतो, सात-आठ फुटांवरून तोही नाही, आणि इथे डोळे ७४ वर्षांचे आहेत. म्हणून याच टीव्हीला लॅपटॉप लावून कुणी त्यावर अक्षरं वाचत बसणार असेल तर फुल एचडी घ्या, नाहीतर एचडी रेडी खुशाल घ्या आणि वाचलेले पैसे कुठे लावायचे ते पुढे सांगतो. हां, हजार रुपयांच्या फरकात चांगल्या कंपनीचा फुल एचडी मिळाला तर सोडू नका, एवढंच की त्यासाठी अडून बसू नका.

आणि दुकानदाराचा तो जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला तो ३२ इंचाच्या वरच्या टीव्हींवर. ३२ इंची टीव्ही १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्क्यांत आहेत आणि २४ सारखे छोटे तर त्याच्याही आधीपासून, त्यामुळे २४ इंची टीव्ही दाखवून जीएसटी कमी झालाय म्हणणारा माणूस एकतर विसरलाय किंवा तुम्हाला विसरायला लावतोय. घाई अजिबात नाही. सेल तर गुढीपाडवा, पंधरा ऑगस्ट, दसरा-दिवाळी, सव्वीस जानेवारी असे वर्षभर चालूच असतात.

आता स्मार्ट म्हणजे नक्की काय, कारण फसगत इथेच होते, माझी झाली तशी. खोक्यावर स्मार्ट आणि अँड्रॉइड लिहिलं की झालं असं नाही. गूगल टीव्ही, फायर टीव्ही, सॅमसंगचं टायझन, एलजीचं वेबओएस, यातलं कुठलंतरी असेल तर ॲप टीव्हीसाठी बनवलेलीच मिळतात आणि अपडेट पण येत राहतात. जिओचं टेलिओएस २०२५ मध्ये आलंय, ते पण काही स्वस्त टीव्हींत दिसतं. याउलट नुसतं 'अँड्रॉइड बेस्ड' किंवा 'लिनक्स स्मार्ट' लिहिलेलं असेल तर कान टवकारा, तिथे बऱ्याचदा जी ॲप आधीच घातलीत तेवढीच, नवीन टाकायची सोय नाही, किंवा टाकली तरी चित्र अस्पष्ट दिसतं कारण नेटफ्लिक्ससारख्या ॲपना सर्टिफाइड, म्हणजे त्यांनी मान्यता दिलेला, टीव्ही लागतो. दुकानात सोपी परीक्षा आहे, रिमोट हातात मागा, ॲप स्टोअर उघडा, आणि सासूबाई ज्या चॅनलच्या मालिका बघतात त्याचं ॲप शोधा. झी मराठीचं झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीचं जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीचं सोनी लिववर. ही तिन्ही सापडली आणि उघडली तर पुढे चला, सेल्समन म्हणाला की घरी गेल्यावर येईल ते अपडेटमध्ये, तर नमस्कार करून बाहेर पडा.

रॅम या किमतीत एक किंवा दीड जीबीच असते, स्टोरेज आठ जीबी, त्यातलं निम्मं आधीच खाल्लेलं. वर्ष-दीड वर्षाने टीव्ही रेंगाळायला लागतो, बटण दाबा आणि चहा ठेवून या. त्यावर उपाय इतकाच की नको ती ॲप काढून टाका आणि आठवड्यातून एकदा प्लग काढून दोन मिनिटांनी परत लावा. रिमोटने बंद केलेला टीव्ही बऱ्याचदा झोपलेला असतो, बंद नाही, त्यामुळे प्लग काढल्याशिवाय तो खरा रीस्टार्ट होत नाही. आणि चार-पाच वर्षांनी अगदीच दमला तर नवा टीव्ही घेऊ नका, तीन ते पाच हजारांत स्ट्रीमिंग स्टिक येते, पेनड्राइव्हसारखी, ॲप तीच चालवते, ती एचडीएमआयमध्ये खोचा. (ज्यांच्या माळ्यावर साधा पण धड एलईडी टीव्ही पडलाय आणि त्याला एचडीएमआयचं भोक आहे त्यांनी हे पत्र इथेच वाचायचं थांबवून स्टिकच घ्यावी. ताई, तुमचा नणंदेकडे गेला, आता परत मागू नका, त्यात फार भानगडी आहेत.)

वायफायचं एक सांगून ठेवतो कारण यासाठी मला जितके फोन येतात तितके कशासाठीच येत नाहीत. स्वस्त टीव्हींत बरेचदा फक्त २.४ गीगाहर्ट्झचं वायफाय असतं. तुमच्या राउटरची दोन नावं असतील, एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं, तर ते ५जीवालं नाव टीव्हीत दिसणारच नाही आणि तुम्हाला वाटेल टीव्ही बिघडलेला आला. बिघडलेला नाही, दुसरं नाव निवडा. एका अर्थी बरंच आहे, भिंतीपलीकडे २.४ च जास्त चांगलं पोचतं. घ्यायच्या आधी मोबाइल त्या २.४ वर जोडून, जिथे टीव्ही लागणार तिथे भिंतीला टेकवून, एखादा एचडी व्हिडिओ दहा मिनिटं चालवून बघा आणि आतल्या खोलीचं दार लावून बघा. एचडीला ५ एमबीपीएस पुरतात. गोल गोल फिरत बसलं तर आधी राउटरची जागा बदला.

पण खरं सांगू का, मी तुमच्या जागी असतो तर सासूबाईंना ॲपवर अवलंबून ठेवलंच नसतं. आयुष्यभर ज्यांनी साडेसातला अमुक आणि आठला तमुक असं घड्याळ लावून बघितलंय त्यांना ॲप उघड, प्रोफाइल निवड, मग मालिका शोध, मग आजचा भाग शोध हे नको असतं, त्यांना बटण दाबलं की मालिका चालू पाहिजे, मधल्या जाहिरातीत भाजी निवडून झाली पाहिजे. तेव्हा तुमच्या त्याच डीटीएच खात्यावर दुसरा सेट-टॉप बॉक्स घ्या, मल्टी टीव्ही म्हणतात त्याला. नवीन स्वतंत्र कनेक्शन घेऊ नका, दुसऱ्या बॉक्सला काय सवलत आहे आणि त्याच्यावर वेगळे, कमी चॅनल घेता येतात का ते विचारा, कारण सासूबाईंना स्पोर्ट्सचे पाच चॅनल घेऊन काय करायचंय. एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही ती म्हणजे प्रत्येक बॉक्सला गच्चीवरच्या छत्रीपासून स्वतःची वायर लागते, आणि छत्रीच्या तोंडाशी जो एलएनबी असतो त्याला दोन आउटपुट असावे लागतात. एकच असेल तर तो बदलावा लागतो. वायर खिडकीतून येणार की भिंतीला भोक पाडून, हे टीव्ही लावायच्या आधी ठरवा, नाहीतर नंतर टीव्हीच्या खालून पांढरी वायर लोंबकळत राहते आणि तुम्हाला ती रोज दिसते.

डीडी फ्री डिश पण आहे, एकदा छत्री आणि बॉक्सचे पैसे दिले की महिन्याचा रिचार्ज नाही, सह्याद्री त्यावर हमखास दिसतं. बाकीचे खासगी चॅनल लिलावाप्रमाणे बदलत राहतात आणि मोठे पे चॅनल नसतात, त्यामुळे लाडकी मालिका त्यात नसेल तर उपयोग नाही. कीर्तन, बातम्या, जुने सिनेमे एवढंच बघणाऱ्यांना मात्र झकास. तुमच्याकडून सिंहगडावरचा दूरदर्शनचा टॉवर दिसत असेल ना, एके काळी पुण्यात सगळ्यांच्या गच्चीवरच्या अँटेना त्या दिशेला तोंड करून असायच्या आणि वारा आला की कुणीतरी वर जाऊन ओरडायचं आलं का, आलं का. असो.

ॲपचं कुणी सबस्क्रिप्शन देत असेल तर एकच लक्षात ठेवा, मोबाइलचा स्वस्त प्लॅन टीव्हीवर चालत नाही. नेटफ्लिक्सचा १४९ वाला मोबाइल आणि टॅबपुरताच आहे, बाकीच्यांचेही मोबाइल प्लॅन तसेच. ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये काय काय फुकट आहे ते आधी बघा, बऱ्याच घरी पैसे भरलेले असतात आणि कुणी चालूच केलेलं नसतं.

आता रिमोट. मला विचाराल तर अख्ख्या टीव्हीत हीच वस्तू सगळ्यात जास्त तपासून घ्यायची आणि नेमकी तीच कुणी बघत नाही. हल्लीचे रिमोट बोटभर, नंबरची बटणंच नाहीत, आणि खाली चार रंगीबेरंगी ॲपची बटणं. माझ्या आईला नंतर जो दुसरा टीव्ही घेतला, तो चांगला होता, पण त्याच्या रिमोटवर आवाज कमी करायचं बटण आणि त्याच्या बरोबर खाली ॲपचं लाल बटण. ती आवाज कमी करायला गेली की अंगठा घसरणार, ढॅण करून काळं पान येणार, मालिका गायब, आणि मग मला मीटिंगमध्ये फोन की अरे, परत इंग्रज आलेत. महिनाभर मी रोज फोनवर इंग्रज घालवत होतो. शेवटी सुट्टीत गेलो तेव्हा जखमेला लावतो ती चिकटपट्टी कापून त्या चारही बटणांवर गोल गुंडाळून टाकली. त्यानंतर एकही फोन नाही. उलट आता तिला अंधारात पण कळतं की पट्टी लागली म्हणजे त्याच्या वर आवाज.

तर दुकानात रिमोट सासूबाईंच्या हातात द्या, त्यांना गाडीत बसून येणं जमत असेल तर सोबत न्याच. आवाजाचं बटण न बघता सापडतंय का, दाबताना कडक आहे का, हे त्याच सांगतील. डीटीएचच्या रिमोटवर नंबर असतात, त्यांना चॅनलचे नंबर पाठ असतील तर रोजचा रिमोट तोच राहील, टीव्हीचा रिमोट फक्त चालू-बंद करायला. तेवढंही कमी करता येतं. सेटिंगमध्ये सीईसी नावाचा एक प्रकार असतो, बॉक्सला पण ती सोय असेल तर एक चालू केलं की दुसरं आपोआप चालू होतं. आणि टीव्ही चालू झाल्यावर होम स्क्रीन न येता शेवटचं जे इनपुट होतं तेच यावं अशी पण सेटिंग बऱ्याच टीव्हींत असते, ती शोधून लावा, मुलाला कामाला लावा, त्याला फुल एचडीचं एवढं कळतं तर हेही कळेल. हे नीट केलंत तर सासूबाईंना ती जाहिरातींनी भरलेली होम स्क्रीन कधी दिसणारच नाही. माइकवाला रिमोट असेल तर उत्तम, पण त्याला मराठी किती समजतं ते दुकानात प्रत्यक्ष बोलून बघा, 'विठ्ठलाचे अभंग' म्हटल्यावर काय उघडतंय ते बघण्यासारखं असतं.

आवाजाच्या बाबतीत खोक्यावरच्या वॉटच्या आकड्याला भुलू नका. स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून असतात, आवाज भिंतीवर आपटून येतो, संगीत मोठं ऐकू येतं आणि नेमका संवाद पुटपुटल्यासारखा. वयस्कर माणूस मग आवाज चाळीसवर नेतो आणि शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेला मुलगा ओरडतो, म्हणजे तुमचं जुनंच भांडण नव्या खोलीत. साउंड सेटिंगमध्ये स्पीच किंवा क्लिअर व्हॉइस असं काही असतं, ते लावून बघा, पंधरावर पण बोलणं स्पष्ट होतं. ब्लूटूथ असेल तर रात्री हेडफोन लावता येतो, पण बऱ्याच टीव्हींत हेडफोन जोडला की टीव्हीचा आवाज बंद होतो, म्हणजे दोघींनी मिळून बघायचं असेल तर उपयोग नाही.

पडद्याचं एवढंच बघा की बाजूने बघितलं तर चेहरे काळपट-पांढुरके होतात का. सासूबाई गुडघ्यामुळे कुशीवर वळून बघणार, बरोबर समोरून नाही. दुकानात टीव्हीच्या डावीकडे जाऊन, थोडं खाली वाकून बघा. आयपीएस प्रकारचं पॅनल (म्हणजे आतला पडदा) या बाबतीत बरं, व्हीए प्रकारचं समोरून जास्त गडद आणि छान पण बाजूने फिकं पडतं. ए प्लस ग्रेड पॅनल, सिनेमॅटिक अमुक, हे सगळं खोक्यावरचं साहित्य आहे, वाचा आणि सोडून द्या.

ब्रँड कुठला हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणारच. नाव परदेशी असलं म्हणजे माल तिथला असं राहिलेलं नाही, कोडॅक आणि थॉमसनच्या नावाने इथे मिळणारे टीव्ही नोएडाची एक कंपनी परवाना घेऊन बनवते, एसरच्या नावाचे बंगळुरूची एक कंपनी, तोशिबाचा टीव्हीचा धंदा चीनच्या हायसेन्सने घेतला. यात वाईट काही नाही, माल बरा असू शकतो, फक्त नाव बघून जास्तीचे पैसे देऊ नका. आमच्या घरी पहिला रंगीत टीव्ही व्हिडिओकॉनचा होता, तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला त्यांचा कारखाना, आणि तो जुना डबा इतकी वर्षं चालला की आम्हीच कंटाळलो, शेवटी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. तेव्हा ब्रँडपेक्षा सर्व्हिस बघा. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर घ्यायच्या आधी फोन करा, धायरीचा पिनकोड सांगा आणि विचारा की माणूस घरी येतो का, किती दिवसांत. फोनच लागला नाही तर उत्तर मिळालं. वॉरंटी साधारण एक वर्षाची असते, काही जण पॅनलला दोन वर्षं देतात, ते एक जास्तीचं वर्ष पाचशे रुपये महाग पडलं तरी घ्या, कारण पॅनल गेलं तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. पडून फुटलं तर मात्र कुठलीच वॉरंटी नाही.

पैशाचं गणित असं बसेल. सर्टिफाइड स्मार्ट ३२ इंची एचडी रेडी हल्ली साधारण दहा ते बारा हजारांत येतो, सॅमसंग-एलजीला त्याहून दोन-तीन हजार जास्त. टीव्ही दहाच्या आसपास बसवा, भिंतीचा ब्रॅकेट आणि फिटिंगला सहा-सातशे धरा (वाकणारा, टिल्टवाला ब्रॅकेट, तापकीर गल्लीत स्वस्त मिळतो), एक स्पाइक गार्ड, आणि राहिलेले दुसऱ्या सेट-टॉप बॉक्सला. म्हणजे तेरात सगळं झालं. नो कॉस्ट ईएमआय घेत असाल तर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी किती लागतो ते विचारा, एवढ्या छोट्या रकमेला मला तर तो उद्योग पटत नाही. विजेची काळजी नको, असा टीव्ही साधारण ५० वॉट खातो, रोज पाच तास चालला तरी महिन्याला सात-आठ युनिट.

ऑनलाइन की दुकान? मॉडेल दुकानात बघून ठरवा, मग दोन्हीकडचा भाव बघा, आणि चार-पाचशेचाच फरक असेल तर दुकानातूनच घ्या, उद्या काही झालं तर जाऊन उभं राहायला एक काउंटर तरी असतो. ऑनलाइन घेतलात तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि डिलिव्हरीवाल्यासमोर काचेवरून तिरपा उजेड टाकून तडा बघा, कारण टीव्ही बऱ्याचदा परत घेत नाहीत, फक्त बदलून देतात आणि तेही ठरावीक दिवसांतच. त्या दिवसांत टीव्ही भरपूर चालवा. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, दाद लागली नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पहिल्यांदा चालू केल्यावर होम की स्टोअर विचारेल, होम निवडा, आणि बॅकलाइट शंभरवर असतो तो साठ-सत्तरवर आणा. डोळ्यालाही बरं आणि त्या पट्ट्या पण जास्त टिकतात, माझ्या आईच्या टीव्हीचं रामायण आठवा. मे महिन्यात नाहीतर ऑक्टोबरमध्ये ढग गडगडायला लागले की प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढायची.

फिटिंगवाला आला की घरी तुम्ही स्वतः थांबा, कारण तो सवयीने टीव्ही साडेपाच फुटांवर ठोकून जातो, हॉटेलात असतो तसा, आणि मग मान वर करून करून सासूबाईंच्या गुडघ्याच्या जोडीला मान पण दुखायला लागते. आधी त्यांना बेडवर पाठीला उशी लावून बसवा, भिंतीवरचा तो पेपर त्यांच्या सांगण्याप्रमाणे वर-खाली करा, टीव्हीची खालची कड साधारण साडेतीन फुटांवर येईल, आडवं पडून बघणार असतील तर थोडी वर आणि टीव्ही पुढे झुकवून. त्यांनी हां म्हटलं की पेपरच्या चार कोपऱ्यांना पेन्सिलने खुणा करा आणि मग त्याला ड्रिल काढू द्या.